पंखाखालची उदबत्ती

मित्रांनो, मी एक जुनं, दोन माणसांचं विमान आहे. वय लपवायची सोय नाही. माझ्या दाराजवळच्या पत्र्याच्या पट्टीवर ते ठोकूनच ठेवलं आहे, एकोणीसशे चौऱ्याहत्तर. जन्म फ्रान्समधल्या एका कारखान्यातला आणि मुक्काम आयर्लंडमध्ये, लिमरिकच्या बाहेर शॅनन नदीच्या काठी असलेल्या एका लहानशा धावपट्टीवर. तुम्ही सुट्टीत परगावी जाताना ज्या विमानात बसता ते आणि मी, आमचं नातं हत्ती आणि शेळी यांच्याइतकंच. पाय दोघांना चार, यापलीकडे साम्य शोधू नका.

मला मराठी कशी येते, असं तुम्ही विचाराल. त्याची गोष्ट आहे आणि तीच मला सांगायची आहे. पण म्हाताऱ्या माणसाला आधी थोडं बालपण सांगू द्यावं लागतं.

कारखान्यात माझ्या पत्र्यांना रिवेट मारणारी एक बाई शीळ घालत काम करायची. तिनं माझ्या पांढऱ्या अंगावर निळा पट्टा ओढला, तेव्हा मी स्वतःला राजपुत्रच समजलो. राजपुत्राची रवानगी झाली ती आयर्लंडमधल्या एका विमान शिकवणाऱ्या शाळेत. वीस वर्षं नवशिक्यांनी मला आपटून आपटून उतरवलं. कुणी मला बेडकासारखं उड्या मारत उतरवायचं, तर कुणी जमीन आली हे कळायच्या आत जमिनीवर असायचं. मी हूं की चूं केलं नाही. शेकडो मुलं माझ्यावर शिकली आणि मोठी विमानं चालवायला गेली. जाताना माझ्या नाकावर थोपटून म्हणायची, "थँक्स, ओल्ड गर्ल." इकडे विमानाला बाई समजायची पद्धत आहे. मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. कौतुक करणारा काय म्हणून करतो याची चौकशी करू नये.

मग शाळेत नवी विमानं आली आणि मला एका दातांच्या डॉक्टरांना विकण्यात आलं. दोन उन्हाळे त्यांनी हौसेनं उडवलं. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले आणि माझ्या दारापर्यंत चढणं होईना. मी हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेलो. पहिलं वर्ष वाट पाहण्यात गेलं. नंतर वाट पाहायचीही सवय सुटली. मैनांसारखे काळे ठिपकेदार पक्षी माझ्या इंजिनावर घरटं करून गेले. टायरमधली हवा गेली. लोक जवळ येत, पण माझ्यावर आपले कोट टाकायला. खुंटीची नोकरी वाईट नसते, मित्रांनो, पण उडालेल्याला ती फार लागते.

दोन हजार वीसच्या जानेवारीत ताडपत्री उघडली गेली आणि एका मुलीनं आत डोकावून पाहिलं. डोक्याला लोकरी टोपी, नाक थंडीनं लाल. ती अलकनंदा. मूळची नागपूरची, लिमरिकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारी, आणि आदल्याच वर्षी विमान उडवण्याचा परवाना मिळवलेली. तिच्याबरोबर फिनबार होता. फिनबार हा ट्रली गावचा परवानाधारक विमान मेकॅनिक. तो आठवड्यातून एकदा इकडच्या विमानांची तब्येत पाहायला येतो.

फिनबारनं माझ्या नाकाचं झाकण उघडलं, घरटं बाहेर काढलं आणि म्हणाला, "हाडं चांगली आहेत. बाकी काम पुष्कळ आहे."

"मला कामच हवंय," अलकनंदा म्हणाली. त्या वाक्यावर मी जीव टाकला.

तिनं मला त्या डॉक्टरांकडून विकत घेतलं आणि फिनबारनं मला पुन्हा उडण्याजोगं केलं. आम्ही तीन वेळा उडालोही. आणि मार्च आला. सगळं जग घरात बसलं, तुम्हाला ते आठवत असेलच. घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, असा इकडे हुकूम निघाला. अलकनंदाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. फाटकाला कुलूप लागलं आणि मी पुन्हा कोपऱ्यातला झालो. आता आपलं आयुष्य खुंटी म्हणूनच संपणार, असं वाटून मला फार वाईट वाटलं होतं, ते उगाच लपवत नाही.

पण जूनमध्ये फाटक उघडलं आणि पहिली गाडी आत आली ती तिची. तिनं मला मिठी मारली. माझ्या गोल नाकाला मिठी मारणं सोपं नाही, तरी मारली.

फिनबार पालथ्या बादलीवर बसला होता, नियमाप्रमाणे दोन हात लांब. तिनं त्याला विचारलं, "सगळ्यासाठी तुलाच किती दिवस बोलवायचं? मला स्वतःला काय काय करता येईल?"

"पुष्कळ," तो म्हणाला. "विमान तुझं आणि परवाना तुझा, दोन्ही असेल तर लहानसहान कामं कायदा तुझ्या हाती देतो. तेल बदल, प्लग साफ कर, टायर बदल, बल्ब बदल, बिजागऱ्यांना ग्रीस दे. केलंस की वहीत लिही आणि सही कर. ती सही म्हणजे तूच जबाबदार."

"आणि काय नाही?"

"इंजिन उघडायचं नाही. सुकाणूच्या तारांना हात लावायचा नाही. यंत्रांच्या नळ्या सोडवायच्या नाहीत. पंख, सांगाडा, वर्षाची मोठी तपासणी, ते माझं. यादी नियमातच आहे, ती वाच. पण माझी आई स्वयंपाकघरात सांगायची तसं सांगतो. काम चुकल्यावर जमिनीवर चिडावं लागणार असेल तर ते तुझं. हवेत रडावं लागणार असेल तर ते माझं."

अलकनंदानं यादी वाचली, दोनदा वाचली, आणि कामाला लागली. मराठी मी तेव्हा शिकलो. पहिला धडा तेल बदलतानाचा. डबा तिनं बरोबर खाली ठेवला होता, पण तेल शेजारून आलं. "अरे देवा!" हे माझं पहिलं मराठी वाक्य. दुसरा धडा बारीक तारेचा. नट सैल होऊ नये म्हणून त्याला तार पिळून बांधतात. तिनं ती उलट्या बाजूनं पिळली, कापली, पुन्हा पिळली, पुन्हा उलटी. त्या दुपारी मला एवढे मराठी शब्द कळले की त्यांतले निम्मे इथे लिहिता येणार नाहीत. पण शेवटी तार बसली. रात्री झोपताना माझं इंजिन मानानं पाटावर बसवल्यासारखं वाटत होतं.

मित्रांनो, मला आजवर पुष्कळ जणांनी उडवलं. पण माझ्या प्लगवरची काजळी बोटाला लावून, नाकाजवळ नेऊन, "आज तुझं काय बिनसलंय रे?" असं विचारणारी ती पहिलीच. दुसऱ्या बंदीचा हिवाळा गेला, पुढचा वसंतही घरातच गेला, पण आता मला भीती वाटेना. बंदी उठली की हा हात येणार, हे मला ठाऊक होतं.

दोन हजार एकवीसच्या ऑक्टोबरात तिचे वडील आले. गोविंदराव, बँकेतून निवृत्त झालेले, नागपूरचे. दोन वर्षं बापलेकीनं एकमेकांना फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. आई सरलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून त्या येऊ शकल्या नाहीत. गोविंदराव तेवढे दोन आठवड्यांसाठी आले. येण्याआधी त्यांनी अख्ख्या कॉलनीत सांगून ठेवलं होतं की, पोरीच्या विमानातून फिरून येतो. त्यांना परत जायचं होतं सोमवारी. पुन्हा येणं कधी होईल, हे त्या दिवसांत कुणाला सांगता येत होतं? पाऊस रोजच होता. शनिवार तेवढा कोरडा दिसत होता, म्हणून शनिवार ठरला.

गोविंदराव माणूस उमदा. फक्त एक होतं, त्यांना कुठलीही वस्तू नादुरुस्त बघवत नसे. तीस वर्षं स्कूटर चालवली आणि एकदाही गॅरेजचं तोंड पाहिलं नाही, हा त्यांचा अभिमान. आल्या दिवशीच त्यांनी बाह्या सरसावल्या.

"आण तो पाना. मी आवळतो न!"

"बाबा, तुम्ही नुसता पाना हातात द्यायचा. सही माझी, तर हातही माझा."

"काहून? मले काय पाना धरता येत नाही?"

"येतो हो. पण हे विमान तुमच्या नावावर नाही आणि परवानाही नाही तुमच्याकडे."

"बापाले परवाना मागून राहिली ही," असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. त्यांची बोली जरा वेगळी होती, पण मला ती फार आवडली. तक्रार करायला मीच मिळालो, याचाही आनंद झाला.

शुक्रवारी दसरा होता. नागपूरकराच्या घरात दसऱ्याला वाहनाची पूजा चुकत नाही. स्कूटर, सायकल, शिवणयंत्र, सगळ्यांना हार पडतो. मग घरात विमान असताना त्याला कोण सोडणार? अलकनंदानं रजा घेतली होती. सुपरमार्केटातल्या पिवळ्या शेवंतीचा हार तिनं आदल्या दिवशी ओवला होता. माझ्या नाकावर हळदकुंकवाची बोटं उठली, चाकांखाली लिंबं आली. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझी पूजा कुणी केली नव्हती. माझं नाक आधीच मोठं, ते त्या दिवशी आणखी वर गेलं.

नारळ मात्र तिनं धावपट्टीजवळ फोडू दिला नाही. तुकडे उडून कुणाच्या पंख्यात गेले तर काय, म्हणून बापलेक फाटकाबाहेर जाऊन फोडून आले. उदबत्तीवरून खरा वाद झाला. माझ्या पंखांत पेट्रोल असतं. तिथे काडीसुद्धा ओढायची नाही, असं तिनं निक्षून सांगितलं. हे सगळं सरलाबाई नागपूरहून फोनवर पाहत होत्या.

"उदबत्ती दिसत नाही हो कुठे!" त्यांचा आवाज आला.

"पेटवायची नाही म्हणते तुझी पोरगी."

"मग नुसती खोचा. पण पूजेत उदबत्ती पाहिजे म्हणजे पाहिजे."

अलकनंदा तेवढ्यात प्रसादाचे पेढे आणायला गाडीकडे गेली होती. गोविंदरावांनी उदबत्ती हातात घेऊन इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. घरी केळ्यात खोचतात. इथे केळं नव्हतं. माझ्या डाव्या पंखाखाली एक बोटाएवढी नळी पुढे आलेली आहे आणि तिच्या टोकाला छोटंसं भोक आहे. पूजेसाठी सगळी झाकणं काढलेली, म्हणून तिचंही टोपडं काढलेलं होतं. गोविंदरावांचा चेहरा उजळला. देवानंच जणू ते भोक उदबत्तीसाठी ठेवलं होतं.

मित्रांनो, ती नळी म्हणजे माझी नाकपुडी. समोरून येणारा वारा तिच्यातून आत जातो आणि वेगाचा काटा हलवतो. मी किती वेगानं चाललो आहे हे उडवणाऱ्याला त्या काट्यावरूनच कळतं. वेग कमी पडला तर पंख मला उचलून धरत नाहीत आणि हे कळलं नाही तर मी दगडासारखा खाली येतो. अशा नाकपुडीत चंदनाची न पेटवलेली उदबत्ती गेली. मला शिंकता येत असतं तर फार बरं झालं असतं.

पूजा आटोपली. गोविंदरावांनी उदबत्ती ओढली. ती ओलसर हवेनं मऊ झालेली होती. बाहेर आली ती अर्धीच. हातातला तुकडा त्यांनी पाहिला, खांदे उडवले आणि खिशात टाकला. एवढ्याशा काडीनं काय होतं, असं त्यांना वाटलं. पेढ्यांचा डबा घेऊन अलकनंदा परतली. मी ओरडायचा फार प्रयत्न केला. पण आमच्या जातीला तोंड नाही.

शनिवारी ऊन पडलं. गोविंदरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वर कालचंच लेकीचं जाड जाकीट. अलकनंदानं नेहमीप्रमाणे माझ्याभोवती फिरून सगळं तपासलं. नळीकडेही पाहिलं. पण वडील शेजारी चालत, "हे काय, ते काय," विचारत होते, भोक मोकळं दिसत होतं आणि तुटलेली काडी आत खोल होती.

आम्ही धावपट्टीवर आलो. इंजिन गर्जलं, मी धावू लागलो. गोविंदराव दोन्ही हातांनी सीट धरून हसत होते. अलकनंदाची नजर काट्यावर गेली. काटा शून्यावर होता. आम्ही चांगले पळत होतो, गवत मागे जात होतं, आणि काटा जागचा हलेना. तिनं क्षणही दवडला नाही. इंजिन कमी केलं, ब्रेक लावले. मी उरलेल्या धावपट्टीवर शहाण्यासारखा थांबलो.

"काय झालं वं? थांबली काहून?"

"वेग दाखवत नाहीये, बाबा. असं उडायचं नसतं."

"अगं, वेग दिसते न बाहेर! मस्त पळून राहिलं होतं!"

तिनं मला हँगरपाशी आणलं, बंद केलं आणि खाली उतरली. मग पंखाखाली उभं राहून तिनं वडिलांना ती नळी दाखवली. वारा कुठून आत जातो, काटा कसा हलतो, सगळं सांगितलं. गोविंदराव ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला आणि हात हळूच जाकिटाच्या खिशाकडे गेला.

"एक जोराची फुंकर मारतो न मी," ते म्हणाले. "स्कूटरच्या कार्बोरेटरले मारायचो तशी."

"नको! फुंकरीनं ते यंत्र कायमचं बिघडतं. आणि नळी सोडवणं माझ्या कामांत बसत नाही. फिनबारला फोन करते."

ती फोन घेऊन हँगरच्या दाराशी गेली. गोविंदराव माझ्याजवळ एकटे राहिले. त्यांनी कामाच्या टेबलावर नजर फिरवली. तिथे त्या बारीक तारेचा तुकडा पडला होता. तो त्यांनी उचलला, टोकाला आकडा केला आणि पंखाखाली आले. कुणाला न कळता काडी ओढून काढायची, काटा हलवायचा, उडायचं आणि सोमवारी जायचं, एवढाच त्यांचा बेत. वाईट हेतू मुळीच नव्हता. आयुष्यभर त्यांनी असंच सगळं निभावून नेलं होतं. पण तार आत गेली आणि काडी आणखी एक इंच आत सरकली. अहो गोविंदराव, बस करा, असं मी माझ्या सगळ्या रिवेटांनिशी म्हणत होतो.

दाराकडून अलकनंदाचा आवाज येत होता.

"नाही फिनबार, नळी बाहेरून ठीक दिसतेय... हो, माहितीय मला. यंत्रच गेलं असेल तर वर्कशॉपला पाठवावं लागेल. दोनतीन आठवडे... हो. सोमवारी जातायत बाबा."  मग आवाज बारीक झाला. "गेल्या आठवड्यात मी तिथल्या दिव्याचा बल्ब बदलला होता, त्याच काट्याच्या शेजारचा. माझाच हात लागला असणार कुठेतरी. सही पण मीच केलीय. ऐक ना, यापुढे सगळं तूच कर. तेलसुद्धा. मी नाही आता ह्याला हात लावणार. आज बाबा शेजारी होते माझ्या."

मित्रांनो, मला त्या वेळी जे वाटलं ते ताडपत्रीखालच्या सगळ्या वर्षांतही वाटलं नव्हतं. त्या बल्बात काडीचीही चूक नव्हती. मी साक्षीला होतो. तिनं तो श्वास रोखून, दोन बोटांनी बसवला होता. ती रडत नव्हती, पण रडण्याच्या अलीकडे उभी होती. आणि माझ्या पंखाखाली तिचे वडील तार धरून उभे होते.

गोविंदरावांचा हात थांबला. त्यांनी तार हळूच मागे घेतली आणि टेबलावर ठेवली. मग ते दारापर्यंत चालत गेले. वीस पावलांचं अंतर असेल, पण चेहरा असा की कुणी त्यांना शाळेत मुख्याध्यापकांकडे पाठवलं आहे.

"अलू, फोन ठेवू नको. त्याले सांग, नळीत उदबत्ती आहे."

"काय?"

"काल पूजेत मीच खोचली होती. अर्धी आत तुटली. तुले सांगितलं नाही. आता तारेनं काढायला गेलो त आणखी आत ढकलली." त्यांनी मान खाली घातली. "तुझ्या बल्बाचं काही नाही त्यात. तुझं काम चांगलं आहे पोरी. मीच चुकलो."

 अलकनंदानं फोन कानाला लावला आणि इंग्रजीत सांगितलं की नळीत अगरबत्ती आहे. 

"पुन्हा सांग," फिनबार म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं.

"पेटलेली?"

"नाही!"

"मग ग्रँड, झकास. म्हणजे यंत्र शाबूत आहे. शोधत बसायला नको, तासाभराचं काम. उद्या सकाळी चर्चहून परस्पर येतो. आणि तुझ्या वडिलांना सांग, मी ह्या नळ्यांत गांधीलमाशीचं घर पाहिलंय, टॉफी पाहिलीय, एकदा तर जिवंत कोळी निघाला. पण सुगंधी काही निघायची ही पहिलीच वेळ."

फोन ठेवल्यावर अलकनंदा हसायला लागली. एकदा लागली ती थांबेचना. गोविंदरावांना आधी कळेना की हसावं की नाही. मग तेही हसले. तेवढ्यात सरलाबाईंचा फोन आला आणि झालेलं ऐकून त्या म्हणाल्या, "खोचा म्हटलं होतं मी. कुठे खोचायची एवढं तरी बघायचं न हो!" त्यावर तर मलाही हसू आलं. माझे दरवाजे थरथरले ते वाऱ्यानं, असं त्या दोघांना वाटलं.

रविवारी आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस थांबून होता. फिनबार आला, त्यानं नळी सोडवली, यंत्राकडून येणारा जोड काढला आणि तो चंदनाचा तुकडा बाहेर आला. फिनबारनं तो हुंगला आणि "भारी आहे," असं म्हणून शर्टाच्या खिशात ठेवला. जोड बसवून, काटा नीट हलतो आणि कुठे गळत नाही हे तपासून त्यानं सही केली. मग अलकनंदाकडे वळून तो म्हणाला, "तेल बदलायची वेळ झालीय. मी नाही करणार. ते तुझं काम आहे." ती ओशाळली आणि हो म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी आम्ही धावपट्टीवर उभे राहिलो. इंजिन गर्जलं. मी धावू लागलो. काटा हलला.

"हलला! हलला न वं!" गोविंदराव असे ओरडले की मला वाटलं, आमच्या आधी तेच उडतील.

आणि मग आम्ही वर होतो. खाली शॅनन वळणं घेत समुद्राकडे निघाली होती, हिरवी शेतं होती, दगडी कुंपणं होती, मेंढ्यांचे पांढरे ठिपके होते. हे सगळं पाहायला माणसं लांबून येतात. गोविंदराव मात्र त्या काट्याकडेच बघत बसले होते.

"बाबा, बाहेर बघा ना!"

"तू बघ बाहेर. मी याच्यावर लक्ष ठेवून राहिलो."

शेवटी तिनं मला थोडं कलतं केलं, तेव्हा त्यांना खिडकीतून खाली बघावंच लागलं.  मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात कामात होते, नजर समोर होती. "तू लहान असताना सायकल शिकवायले मी मागून धरून पळायचो," ते म्हणाले, "आता कुठं धरू सांग." आणि त्यांनी डोळे पुसले. तेही हसत हसत.

उतरल्यावर अलकनंदानं मला हँगरात ढकललं. माझ्या पोटावर तेलाचे बारीक शिंतोडे उडालेले होते, ते या वयात उडतातच. गोविंदरावांनी टेबलावरचा कपडा उचलला. सवयीनं हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. तीस वर्षं कुणालाही न विचारता सगळं उघडणारा तो माणूस लेकीकडे वळला.

"अलू, हे पुसलेलं चालते का मले?"

"चालतं, बाबा. पुसायला चालतं."

मग त्यांनी मला नाकापासून शेपटीपर्यंत पुसलं, अगदी सावकाश. नळीपाशी आल्यावर मात्र हात मागे घेऊन ते तिला वळसा घालून पुढे गेले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी सायकल असेल, पंखा असेल, आजीचं शिवणयंत्र असेल. त्याला ताडपत्रीखाली टाकू नका. जे तुम्हाला येतं ते स्वतःच्या हातांनी करा, आम्हाला तो हात ओळखू येतो. जे येत नाही तिथे थांबा आणि ज्याला येतं त्याला हाक मारा. आणि तुमच्या हातून काही तुटलं, अडकलं, आत राहिलं, तर लगेच सांगा. आम्हाला सगळं माहीत असतं, पण सांगता येत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं.